कृषी विद्यापीठांनी ज्वारी-बाजरीवाल्याला नक्की काय दिलं?

मोहोळचा परळकर

मुंबईतल्या आमच्या नातेवाइकांत सध्या एक मत जोरात आहे. राज्यात राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं, पन्नास वर्षं उलटून गेली, शेतकरी होता तिथेच आहे. मग लावा कुलूप आणि ते पैसे सरळ शेतकऱ्याच्या खात्यात टाका. या वाक्याला टाळ्या पडतात. मला हे साफ चुकीचं वाटतं. भाऊ गावी जिराईत ज्वारी करतो आणि मी परळमध्ये बसून त्याचा हिशेब ठेवतो, एवढीच माझी पात्रता.

मुंबईत 'मालदांडी' म्हणून आपण जी ज्वारी चढ्या भावाने घेतो ती बहुतेक वेळा ३५-१ या वाणाची असते. आमच्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात मालदांडीतून निवड करून हा वाण काढला. इतकी वर्षं झाली तरी रब्बीत त्याचा दबदबा आहे. दाणा टपोरा, भाकरी मऊ, जनावरं कडबा आवडीने खातात, आणि जमिनीतली ओल कमी पडली तरी पीक तग धरतं. त्या केंद्रावर इंग्रजांच्या काळात झालेला खर्च कधीच फिटला.

आता उलटी बाजूही मीच सांगतो. १९६४ ला सीएसएच-१ आला, देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण. उतारा (एकरी उत्पादन) भरघोस. पण ज्वारीचं ताट, म्हणजे धाट, बुटकं, म्हणजे कडबा कमी. शिवाय पीक लवकर तयार होणार, म्हणजे खरिपात दाणा पक्व होतो तेव्हा पाऊस अजून चालूच. कणसावर बुरशी आणि दाणा काळा. काळ्या ज्वारीला कोण भाव देणार? माझ्या भावाच्या हिशेबाच्या वहीत दाण्याच्या ओळीखाली लगेच कडब्याची ओळ असते, शेकडा पेंढ्यांच्या दराने. दुष्काळी वर्षी खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा मोठी होते. पहिल्या खेपेला शास्त्रज्ञांनी ती ओळ बघितलीच नाही.

पुढे बघितली. राहुरीने जमिनीच्या खोलीप्रमाणे रब्बीचे वाण दिले: हलकीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, पाणी असेल तर फुले रेवती. एकाच शिवारात वर मुरमाड आणि ओढ्याकाठी काळी जमीन असणाऱ्याला याची किंमत विचारा. म्हणून म्हणतो, कुलूप लावू नका, त्यांना वहीतली खालची ओळ दाखवा.

दाणावाला वाशी

तीन पिढ्या धान्याच्या व्यापारात आहोत, आधी मशीद बंदरचं दाणाबंदर, आता वाशी. परळकर, तुमचं सगळं खरं, पण तुम्ही उताऱ्यावर बोलताय आणि शेतकरी मरतो भावावर. पीक चांगलं आलं की आवक वाढते, आवक वाढली की भाव बसतो. शास्त्रज्ञाने एकरी दोन पोती वाढवली तर ती शेवटी मुंबईच्या गिऱ्हाइकाला स्वस्त मिळतात. फायदा तुमच्या भावाचा नाही, तुमच्या परळच्या शेजाऱ्याचा.

आणि दर्जाचं म्हणाल तर सरकारचाच हिशेब बघा. २०२५-२६ चा हमीभाव मालदांडीला ३,७४९ आणि संकरित ज्वारीला ३,६९९. क्विंटलमागे फरक ५० रुपये! इतकी मऊ भाकरी, इतका चांगला कडबा, त्याची सरकारदरबारी किंमत पन्नास रुपये. यावर कुठलं विद्यापीठ काय संशोधन करणार आहे?

मोहोळचा परळकर

पन्नास रुपयांचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर वाद नाही. पण 'संशोधन म्हणजे जास्त पोती' हे तुम्ही गृहीत धरलंत. नुकसान टाळणारं संशोधन वेगळं असतं. ज्वारीवर काणी येते, दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. त्यावर उपाय काय, तर पेरणीआधी किलोभर बियाण्याला ३०० मेश (अगदी बारीक भुकटीचं) गंधक ४ ग्रॅम चोळायचं. बाजरीच्या कणसावरच्या अरगट या बुरशीच्या रोगाला त्याहून सोपा: १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी ओतायचं, रोगट आणि हलकं वर तरंगतं ते काढून जाळायचं, खाली बसलेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. मिठाला पैसे किती लागतात? हे कुणीतरी प्रयोग करून, मोजून ठरवलं म्हणून आज सांगता येतं. कुठली कंपनी मीठ विकायला गावात येणार आहे?

दाणावाला वाशी

सगळ्यांचं नुकसान टळलं की आवक वाढलीच ना? पुन्हा भाव खाली. 🙂

मोहोळचा परळकर

मग काणी येऊ द्यायची का भाव टिकावा म्हणून?

माती आणि मी

तुम्ही दोघंही मूळ प्रश्नाला बगल देताय. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. आमच्या आजीच्या घरी कणगीतलं बी पेरायचे, एक रुपया जायचा नाही. संशोधनाने शेतकऱ्याला दुकानाच्या दारात उभं केलं.

बाजरीचंच घ्या. १९६५ ला लुधियानाहून एचबी-१ आली. सगळीकडे वाहवा. पण या वाणामागची नर-वंध्य मादी (जिला स्वतःचे परागकण नसतात ती) एकच, अमेरिकेतून आणलेली टिफ्ट २३-ए. त्या काळातल्या बहुतेक संकरित वाणांची आई तीच. १९७० च्या दशकात गोसावी रोग आला तेव्हा रानंच्या रानं कणसाऐवजी पानांचे झुपके धरून उभी राहिली. गावोगाव वेगवेगळी गावरान बाजरी असती तर एवढा फटका बसला असता का? हा दोष रोगाचा नाही, एकाच बियाण्याच्या मागे लागण्याचा आहे. भाकरीच्या चवीबद्दल तर बोलतच नाही.

गिरगावचे आजोबा

चवीबद्दल मी बोलतो. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो खाल्ली आहे का तुम्ही? अमेरिकेची जनावरांना घालायची ज्वारी. भाकरी थापताना तुकडे पडायचे आणि घशाखाली उतरायला आमटीची वाटी लागायची. तेव्हा कणगी भरलेल्या किती गावांनी मुंबईला धान्य पाठवलं ते सांगा. १९६६ ला १८ हजार टन मेक्सिकन गव्हाचं बियाणं बोटीने आलं म्हणून पुढे आपली पोरं पोळ्या खाऊ लागली. गावरान बियाण्याचं प्रेम पोट भरल्यावर सुचतं, बाळा.

माती आणि मी

आजोबा, मान राखून म्हणते, गहू पंजाबात वाढला. मराठवाड्याच्या कोरडवाहू माणसाच्या पदरात तेव्हाही मिलोच आली होती.

अणुशक्तीनगर

निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. एचबी-१ चं उदाहरण बरोबर, निष्कर्ष अर्धा. गोसावीला तोंड देणाऱ्या नव्या माद्या शोधल्या कुणी? संशोधकांनीच. शिवाय बाजरीत सगळं संकरितच नाही. आयसीटीपी ८२०३ हा सरळ वाण आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या स्थानिक बाजरीतून निवडला, महाराष्ट्रात चांगला रुजला. त्यातूनच पुढे जास्त लोहाची 'धनशक्ती' निघाली. त्याचं बी शेतकऱ्याने घरचं ठेवावं, काही अडचण नाही. २००१ चा वाण संरक्षण कायदाही शेतकऱ्याला बी राखायला, पेरायला, अदलाबदल करायला आणि विकायलाही परवानगी देतो, फक्त नोंदणी झालेल्या वाणाचं बी छापील ब्रँडखाली विकता येत नाही.

आता आपल्या मुंबईचं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गॅमा किरणांनी उत्परिवर्तन घडवून पन्नासहून अधिक वाण निघाले आहेत, भुईमूग आणि कडधान्यं जास्त, भातही आहे. अकोल्याच्या विद्यापीठाबरोबर १९८५ ला दिलेला टीएयू-१ उडीद महाराष्ट्रात घरोघर गेला. छत्तीसगडचा सुगंधी दुबराज भात उंच वाढून लोळायचा, त्याचं बुटकं आणि लवकर येणारं रूप इथल्याच कामातून निघालं. हे बियाणं सरळ वाणाचं, दरवर्षी दुकान गाठायची गरज नाही.

इडलीप्रेमी

थांबा थांबा. म्हणजे माटुंग्याला रविवारी आम्ही किरणं मारलेली इडली खातो?

अणुशक्तीनगर

नाही हो. 😄 किरणं देतात ती सुरुवातीच्या मूठभर बियाण्याला, तीही एकदाच. त्यातून उगवलेली रोपं पिढ्यान् पिढ्या लावून, बहुतेक टाकून देऊन, एखादं कामाचं रोप निवडतात. टीएयू-१ मध्ये तर अशा निवडलेल्या उडदाचा दुसऱ्या वाणाशी संकर केला आहे. शेतकऱ्याच्या हातातल्या बियाण्याला किरणांचा स्पर्शही नाही. आजोबांच्या मेक्सिकन गव्हाचा दाणा लाल होता, लोकांना पोळी आवडेना. दिल्लीच्या पुसा संस्थेत सोनोरा-६४ वर अशीच प्रक्रिया करून पिवळसर दाण्याचा शरबती सोनोरा काढला. खाणाऱ्याचं ऐकून घेतलं की काम होतं, ते असं.

कर्जत लोकल

सगळे ज्वारी-गव्हातच अडकलेत. मुंबईच्या सगळ्यात जवळचं धान्य म्हणजे रायगड-ठाण्याचा भात, त्याबद्दल चकार शब्द नाही. मी रोज लोकलने नोकरीला येतो आणि पावसाळ्यात रजा टाकून आवण (भाताची रोपं) लावतो.

आमच्याकडे वाण हा प्रश्नच नाही. कर्जतच्या केंद्राने ढीगभर दिलेत, कर्जत-३ गावात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न माणसांचा. लावणीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी ऐकून भात विकत खावासा वाटतो. डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री पद्धत बघा, शास्त्र म्हणून उत्तम: चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल. वरून फेकलेला युरिया आमच्याकडे पावसाबरोबर वाहून शेजाऱ्याच्या बांधात जातो, गोळी मात्र मुळाशी हळूहळू विरघळते. खत वाचतं, भात वाढतो, यात शंका नाही. पण दोरी धरून लावायचं आणि मग चिखलात वाकून गोळ्या खोचत बसायचं. एका माणसाचं काम दोघांचं झालं. आमच्या आळीत उत्साहाने सुरू झालं आणि थंडावलं.

याउलट नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंची सगुणा पद्धत, चिखलणी नाही, लावणी नाही, गादीवाफ्यावर साच्याने भोकं पाडून सरळ बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. ती काढली कुणी? शेतकऱ्याने. तणनाशकावर फार भिस्त आहे हा माझा आक्षेप आहेच. पण कंबर कुणाची मोडते हे त्या माणसाला माहीत होतं. परळकरांच्या वहीत मजुरीची ओळ पण घाला.

चंद्रपूर ते चेंबूर

शेतकऱ्याने काढलेलं म्हणताय तर दादाजी खोब्रागडेंचं नाव घ्यायलाच हवं. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. १९८३ ला पटेल-३ भाताच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या दिसल्या, त्या राखून, वेगळ्या पेरून त्यांनी बारीक दाण्याचा वाण केला. तेव्हाच्या लाडक्या घड्याळावरून त्याला एचएमटी म्हणायला लागले. मुंबईच्या वाण्याकडे अजून हे नाव ऐकू येतं. शेती दीड एकर. पुढे अकोल्याच्या विद्यापीठाने १९९८ ला पीकेव्ही-एचएमटी नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठ म्हणतं आम्ही शुद्धीकरण केलं, दादाजी म्हणत राहिले मूळ बी माझं. २०१८ ला गेले, परिस्थिती बेताचीच होती.

संशोधनाने नफा होतो हे मान्य. कुणाला होतो?

अणुशक्तीनगर

शुद्धीकरण हे खोटं काम नाही. शेतातल्या निवडीत भेसळ असते, वर्षानुवर्षं एकसारखं बी देणं कष्टाचं आहे. पण वाणाच्या कागदावर दादाजींचं नाव ठळक हवं होतं, यात मी तुमच्या बाजूने.

चंद्रपूर ते चेंबूर

कागदावर नाव, आणि विकलेल्या प्रत्येक पोत्यामागे काहीतरी हातात. नुसते सत्कार त्यांना पुष्कळ मिळाले.

माती आणि मी

बघा, फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. बी शेतकऱ्यांचं, शिक्का तुमचा.

मोहोळचा परळकर

३५-१ पण शेतकऱ्यांच्याच मालदांडीतून आली, मी पहिल्यांदाच लिहिलंय. शेतकऱ्याने राखलं नसतं तर निवडायला काही नव्हतं, आणि कुणी निवडलं नसतं तर ती चार गावांतच राहिली असती. दोन्ही लागतं. माझं भांडण कुलूप लावणाऱ्यांशी आहे.

कर्जतवाल्यांची मजुरीची ओळ मात्र झोंबली, कारण आमचंही तेच दुखणं. मालदांडी उंच, वाऱ्याने लोळते. काढणी म्हणजे हाताने उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. भावाने यंदा दोन एकर कमी पेरली ती याच कारणाने, बाजारभावाचं कारण नंतरचं. हरभऱ्यात राहुरीने हे ओळखलं. फुले विक्रमची झाडं उंच, घाटे जमिनीपासून वर लागतात, मशीन सरळ फिरतं. तसं ज्वारीत, कडबा न तुडवता कापणारं काही द्या. मग उतारा आहे तेवढाच राहिला तरी नफा वाढेल आणि आवक वाढून भाव पडला असं वाशीवाल्यांनाही म्हणता येणार नाही.

दाणावाला वाशी

हे पटलं, खर्च कमी झाला तर बोलायला जागा नाही. पण एक सांगतो, तुमच्याकडून येणारा माल मिसळलेला असतो. मालदांडी, रेवती, वसुधा सगळं एकाच पोत्यात आणि वर लेबल 'मालदांडी'. गिऱ्हाईक दाणा दाताखाली चावून बघतं आणि एकच दर लावतं. विद्यापीठाने चार वाण दिले तरी बाजारात ते एकच.

मोहोळचा परळकर

वेगळा दर लावणार असाल तर वेगळं भरायला भाऊ तयार आहे.

दाणावाला वाशी

आधी दर मागू नका. मार्चमध्ये माल निघाला की रेवतीची दोन पोती वेगळी शिवून पाठवा, मालदांडीची दोन. बारदानावर खूण करा. माझ्या चार नेहमीच्या गिऱ्हाइकांना न सांगता देतो. हमाली, तोलाई माझी.

कर्जत लोकल

पाचवं गिऱ्हाईक मी. आम्ही भातवाले, पण ज्वारीची भाकरी आम्हालाही कळते.