मदत हवी आहे: पद्मिनीची पुढची डावी बाजू बसली आहे, स्प्रिंग घरी काढावी का?

वडिलांची १९९४ची प्रीमियर पद्मिनी गाडी. पुढे विशबोन (चाक धरणारे आडवे आर्म) आणि कॉईल स्प्रिंग (वेटोळ्याची), मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. गेली चार वर्षं परळला आमच्या आवारात बहुतेक उभीच होती. आता पुढची डावी बाजू खाली दिसते. टायरमधल्या हवेमुळे फसायला नको म्हणून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. डावीकडे ३ सेंटीमीटर कमी. खड्ड्यात ठक असा आवाजही येतो.

एक मिस्त्री म्हणाले, उजवीचा अर्धा वेढा कापू, दोन्ही सारख्या होतील. दुसरे म्हणाले, डावी गॅसवर तापवून ताणून देतो. मला दोन्ही पटत नाही. कापलेली स्प्रिंग बुटकी आणि कडक होते, पावसाळ्यातल्या खड्ड्यांत गाडीचं पोटच घासेल. तापवलं तर पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, ती पुन्हा बसणारच.

म्हणून नवी जोडी घालायची ठरवली आहे. भीती आहे ती जुनी काढण्याची. जॅक आणि उचललेली गाडी टेकवायच्या दोन घोड्या आहेत, स्प्रिंग दाबून धरणारा हुकवाला स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने मिळतोय. आवारात पेव्हर ब्लॉक आहेत. जमेल का? क्रम काय ठेवू?

प्रतिसाद:
पेव्हर ब्लॉकवर अजिबात नको. घोडीखालचा एक ब्लॉक खचला तरी गाडी कलते. सपाट काँक्रीट असलेल्या गॅरेजात करून घ्या आणि स्वतः लक्ष ठेवा. मागच्या चाकांना ठोकळे, घोड्या चासीखाली. खालचा आर्म सोडण्याआधी स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबलेली हवी आणि त्या आर्मला जॅकचा टेकू हवा, नाहीतर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. हुक समोरासमोर लावून दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे, हातपान्यानेच आवळायचे. स्प्रिंगच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. बसवून झालं की अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) कराच.
पण आधी आर्मचे बुश (सांध्यातले रबर) आणि गंज तपासा. ठक आवाज तिथूनही येतो.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आज टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिलं. डावी स्प्रिंग ज्या वाटीत बसते ती गंजून दबली आहे. नुसती स्प्रिंग बदलली असती तर पैसेही गेले असते आणि गाडी वाकडीच राहिली असती. आता कॉम्प्रेसरला हातही लावत नाही. वाटीला वेल्डिंग भरवशाचं असतं का, की अख्खा आर्मच शोधू?