जुन्या रॉकमधला बेस ऐकून पेडल ओळखता येतं? मी म्हणतो, नाही

चारतारी (दारव्हा तालुका)
गेल्या पंधरवड्यात इथं तिघांनी जुन्या गाण्यांचे तुकडे टाकून विचारलं, ‘बेसवर पेडल कोणतं?’, म्हणजे बेस गिटारचा आवाज बदलायला पायाखाली कोणता डब्बा होता. तिन्ही वेळा पाच मिनिटांत मॉडेल नंबरासकट उत्तरं हजर. माझं म्हणणं असं की कानाला एफेक्टची, म्हणजे आवाज कसा बदललाय त्याची, जात कळते, डब्बा कळत नाही. आणि कित्येकदा तर डब्बा नसतोच.

लू रीडचं ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ घ्या, १९७२ चं. तो घसरत जाणारा बेस ऐकून एकानं ‘फ्लँजर’ (आवाज घोंगावत फिरवणारं पेडल) असं ठोकून दिलं. अहो, तिथं हर्बी फ्लॉवर्सनं आधी उभा डबल बेस वाजवला आणि मग त्यावर इलेक्ट्रिक बेस चढवला. दोन वाद्यं वाजवली म्हणून मानधनही दुप्पट घेतलं.

पिंक फ्लॉइडच्या ‘वन ऑफ दीज डेज’ची (१९७१) सुरुवातीची दौड दुसऱ्यानं ट्रेमोलोत, म्हणजे आवाज झरझर लहानमोठा करणाऱ्या एफेक्टात, टाकली. ती बिन्सन एकोरेकची करामत, म्हणजे फिरत्या चुंबकी पृष्ठावरचा एको. शिवाय दोन बाजूंना दोन बेस आहेत, एक गिल्मोरचा आणि एक वॉटर्सचा. त्यातला एक बोदा वाटतो, कारण त्याच्या तारा जुन्या होत्या. नव्या आणायला पाठवलेला माणूस मैत्रिणीकडे जाऊन बसला, असं गिल्मोरनंच सांगितलंय. आता जुन्या तारांचा मॉडेल नंबर सांगा बरं!

वरूडकर
साफ असहमत. डब्ब्यालाही तोंडवळा असतो, पाहणाऱ्याला दिसतो.

फेजर आणि फ्लँजर यांत गोंधळ होतो तो घाईनं ऐकल्यामुळे. एमएक्सआर कंपनीच्या फेज ९० या फेजरमध्ये चार टप्पे असतात, म्हणून सुरात दोनच खड्डे पडतात (तेवढ्या जागी आवाज दबतो) आणि ते वरखाली सरकतात. आवाज ‘वाँव-वाँव’ असा गोल राहतो. फ्लँजरमध्ये काही मिलिसेकंद उशिरा आलेली प्रत मूळ सुरात मिसळते, त्यामुळे खड्ड्यांची अख्खी फणीच तयार होते, एकसारख्या अंतरावर. ट्रॅक्टर चालू ठेवून टिनाच्या शेडकडे चालत जा, आवाजात जी ‘सूंऽऽ’ बदलत जाते ती हीच. एकदा ऐकली की विसरत नाही.

दुसरं, साल बघा. बॉस कंपनीचा सीई-१ हा कोरस (एका वाद्याची दोन वाटावीत असा घोळ करणारा डब्बा) आला १९७६ मध्ये, फेज ९० आला १९७४ मध्ये. १९७१ च्या गाण्यावर कुणी सीई-१ सांगितला तर तो तिथंच बाद. निम्मं काम असं गाळण्यातच होतं. आणि जॉय डिव्हिजन, न्यू ऑर्डरचा बेसवाला पीटर हूक? तो बेस वरच्या पट्टीत वाजवायचा, सोबत इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा क्लोन थिअरी, तोही कोरसच. दहा सेकंदांत ओळखतो मी.

चारतारी
पीटर हूकनं ते मुलाखतींतून सांगितलंय, म्हणून ओळखता. ते वाचलेलं झालं, ऐकलेलं नाही. सालानं पेडल बाद होईल, एफेक्ट होत नाही. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतल्या केन टाउनसेंडनं १९६६ मध्ये टेपच्या दोन मशीनी जोडून आवाज दुहेरी केला होता. पायाखाली डब्बा कुठं होता तिथं?

मेमरीकार्ड
राजेहो, तुम्ही फेजर का फ्लँजर म्हनून भांडून राह्यले, पन आयकून कायच्यावर राह्यले? आमच्या गावात मोबाईलच्या दुकानातून कार्ड भरून आनतेत, ६४ केबीपीएसचं, लय दाबलेलं एमपी३. त्याच्यात झांज वाजली का पान्यात बुडाल्यावानी सूं-सूं करते. तेच तुमचं फ्लँजर! अन् मोबाईलच्या स्पीकरवर बेस कुठी आयकू येते?

वरूडकर
भाऊ, हा मुद्दा खरा आहे, मी नाकारत नाही. पण एमपी३ ची सूं-सूं झांजेवर आणि गाणाऱ्याच्या ‘स’वर जास्त येते. फक्त बेसच घोळत असेल आणि झांज स्वच्छ असेल, तर दोष कार्डाचा नाही.

सोल्डरिंगवाले काका (आर्वी)
दोघंही बेसला गिटार समजून बोलताय. बेसची खालची ‘ई’ तार ४१ हर्ट्झची. एका लाटेला साधारण २४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे अर्धी लाट १२ ची. कोरसमधली प्रत १२ मिलिसेकंद मागं पडली की मूळ सूर वर असताना ती खाली असते. दोघं एकमेकांना खातात. उशीर सारखा कमीजास्त होत असतो, म्हणून ‘ई’ कधी फुगते, कधी गायब होते.

आमच्या पुतण्यानं दुर्गोत्सवात गिटारचा कोरस बेसला लावला होता. तिसऱ्या गाण्याला ढोलकीवाला मागं वळून विचारतो, ‘बेसवाला जेवायला गेला का?’ पोरगं समोर उभं राहून घाम गाळत होतं. पुढं बॉसनं सीईबी-३ या बेसच्या कोरसमध्ये लो फिल्टरचा नॉब दिला तो याचसाठी. खालचा सूर कोरा राहतो, घोळ फक्त वर.

तेव्हा जुनं गाणं ऐकताना आधी तळ ऐका. तळ घट्ट आणि वरचाच भाग डोलतोय, तर एफेक्ट बहुधा दुसऱ्या वाटेवर आहे. येस बँडच्या क्रिस स्क्वायरनं आपल्या रिकनबॅकर बेसचे दोन पिकअप (तारांचा आवाज उचलणारे चुंबक) वेगळे काढून वेगळ्या वाटांनी नेले होते. अशा वेळी एका डब्ब्याचं नाव सांगून भागत नाही.

आणि कोरस कसा वाटतो हे ज्याला कळत नाही, त्यानं रात्रीच्या पाळीची लाईन आली की विहिरीवर जावं. शेजारी-शेजारी दोन मोटरी, दोघींचा वेग किंचित वेगळा, आणि मधूनच ‘घुंऽऽव घुंऽऽव’. फुकटचा कोरस.

चारतारी
काका, तळ आधी ऐकायचा, हे मान्य. मी वरचंच ऐकत होतो. पण तुमचं म्हणणं तर माझ्याच बाजूला पडतंय.

सोल्डरिंगवाले काका (आर्वी)
अर्धंच. वरूडकरांनी सांगितलेले दोन खड्डे आणि फणी मला रोज ऐकू येतात. दुरुस्तीला आलेला डब्बा झाकण न उघडता ओळखतो मी. पण तो समोर असतो, एकटा. गाण्यात त्याच्यावर ड्रम, गिटार, टेप, सगळं बसलेलं असतं.

वरूडकर
मग परीक्षा घेऊ. चारतारी, तुम्ही तीन तुकडे टाका, एक पेडलचा, एक दोनदा वाजवून बसवलेला, एक तुमच्या मर्जीचा. मी सांगतो कोणता कोणता. फक्त न दाबलेली वेव्ह फाइल द्या, एमपी३ नको.

चारतारी
टाकतो. कूलर बंद करून रेकॉर्ड करावं लागेल, नाहीतर पंख्याचाच ट्रेमोलो यायचा. रात्री अकरानंतर.

मेमरीकार्ड
अन् मले निकाल फोनवर सांगजा. मी वावरात जागलीले हावो, इथं नेट नाई.