जहांगीरला सिरॅमिक शिल्पं बघायला पोरीला नेऊ का?

चकलीताई: मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीमध्ये सिरॅमिक शिल्पांचं प्रदर्शन लागलंय, ७ वर्षांच्या मुलीला नेलं तर चालेल का, तिकीट किती, आणि एवढी मोठाली मातीची शिल्पं भट्टीत फुटत कशी नाहीत??

मधली_लाईन: तिकीट नाही हो, फ्री आहे. बिनधास्त न्या, फक्त हात धरून ठेवा.

भट्टीवाला: आतून पोकळ असतात ती! भरीव ठेवली तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन फुटतात, म्हणून आधी नीट वाळवायचं मग हळूहळू तापवायचं, स्टोनवेअर (खूप तापवून दगडासारखी घट्ट केलेली माती) तर १२०० डिग्रीच्या वर जातं. काळ्या भेगाभेगांचं काही दिसलं तर बहुतेक राकू पद्धतीने भाजलेलं, ते लालभडक असतानाच बाहेर काढून भुशात टाकतात, मला तेच आवडतं, चकचकीत ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) बोअर होतं.

चकलीताई: भारी! रविवारी जातो मग.