मदत हवी आहे: कोलोरॅडोच्या डोंगरात पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जातोय

नमस्कार मंडळी. मी डेन्व्हरला राहतो. ऑक्टोबरमध्ये ऑफिसातल्या मित्राबरोबर व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टमध्ये म्यूल डिअरच्या शिकारीला जायचं ठरलंय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच, त्यामुळे घरात विचारावं असं कुणी नाही.

हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, सोडतीत टॅग (एक हरीण मारायचा परवाना) लागलाय, भडक नारिंगी जॅकेट-टोपी घेतलीय. मी एच-वन व्हिसावर आहे. अशांना एरवी बंदूक बाळगायला बंदी आहे, पण मुदतीतला शिकार परवाना असेल तर कायद्यात सवलत आहे. रेंजवर सरावाला जाताना तो जवळ ठेवता का?

खरी काळजी मांसाची आहे. जागा नऊ-दहा हजार फुटांवर, गाडीपासून तीन मैल आत. खाण्याजोगं मांस रानात सोडून यायला बंदी आहे, आणि तसं सोडवणारही नाही. दुपारी ऊन तापतं. जागेवरच सोलून फरे कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगायचे, हे वाचलंय. दोघांना किती खेपा लागतात? क्रॉनिक वेस्टिंग डिसीजच्या (हरणांना होणारा मेंदूचा जीवघेणा रोग) तपासणीला हरणाचं डोकं देणार आहे, रिपोर्ट येईपर्यंत मांस खाणार नाही.

आणि एक, जे रात्री झोपताना डोक्यात येतं. नेम चुकून जनावर जखमी झालं तर लगेच माग काढायचा की थांबायचं? किती वेळ? सध्या शंभर यार्डांपलीकडे गोळी झाडायची नाही असं ठरवलंय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.