"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय" असा फोन आलाय? अनुभव लिहा

असा फसवणुकीचा फोन आला असेल तर समोरचा नेमकं काय बोलला, काय उघडायला लावलं, ते तपशिलात लिहा. नुसतं "सावध राहा" सांगून भागत नाही. त्याचं पुढचं वाक्य आपल्याला आधीच ठाऊक असेल, तर फोन ठेवणं सोपं जातं.

सुरुवात मी करते. फोन आईला आला, मी शेजारीच होते. बोलणं अगदी अदबीचं. एकेक अक्षर सांगत त्याने तिला विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनच्या बारीकसारीक घडामोडींची नोंदवही, उघडायला लावला. लाल-पिवळ्या खुणांची भलीमोठी यादी आली. "मॅडम, हे सगळे व्हायरस!" आईचा चेहराच उतरला. मी फोन बंद केला आणि माझ्या लॅपटॉपवर तेच उघडून दाखवलं. तिथेही तशीच यादी! एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही, कुठे जोडणी तुटली, असल्या नोंदी धडधाकट मशीनमध्येही साठतच असतात. यादी खरी असते, तिचा लावलेला अर्थ खोटा.

*

मला कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या विंडोत 'असॉक' (assoc) टाइप करायला लावलं आणि ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक त्याने माझ्याआधी वाचून दाखवला. "हा तुमच्या मशीनचा नंबर. कंपनीचा माणूस असल्याशिवाय मला कसा कळेल?" क्षणभर खरंच वाटलं. पण हा क्रमांक झिप फोल्डरच्या एका सोयीचा आहे आणि तो प्रत्येक विंडोज मशीनवर हाच असतो.

*

मी विचारतो, "घरात बरेच कॉम्प्युटर आहेत, त्यातला कुठला?" तिथेच गाडी अडते.

*

वरच्यांना सांगावंसं वाटतं, तेवढंही बोलू नका. या नंबरवर माणूस बोलतो हे कळलं की फोन वाढतात. फोन तोंडावर ठेवणं इथे उद्धटपणा नाही.

*

आमच्याकडे फोन आला नव्हता, आम्हीच करावा असा त्या भामट्यांचा बेत होता. ब्राउझरमध्ये स्क्रीनभर इशारा, कर्कश भोंगा आणि खाली नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरलं, मग टास्क मॅनेजरमधून (चालू प्रोग्राम बंद करायची विंडोजची सोय) ब्राउझर बंद केला. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणायची नाहीत.

*

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लोक येतात ते अशा फोनवाल्याला मशीनचा ताबा देऊन बसल्यावर, आणि शरमेने अर्धंच सांगतात. कृपया सगळं सांगा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवायची साधी कामाची साधनं आहेत, पण अनोळखी माणसाला जोडू दिलं की कीबोर्ड त्याच्या हातात गेला. मग "रिफंड देतो" म्हणून बँकेचं पान उघडायला लावतात, त्या पानावरचा आकडा तुमच्याच ब्राउझरमध्ये बदलतात आणि "जास्त पैसे गेले, परत करा" म्हणून रडतात. बँकेत काहीच जमा झालेलं नसतं.

ताबा दिला गेलाच असेल तर आधी इंटरनेट तोडा. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला कळवा. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, सगळ्यात आधी ईमेलचा. मशीन तपासून घेतल्याशिवाय पुन्हा नेटला जोडू नका. पुढे कधीतरी "गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा" असाही फोन येऊ शकतो. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. तोही फोन ठेवून द्या.