पासवर्ड डोक्यातून काढू नका, फासा टाका

फोंडेकर
गेल्या महिन्यात माझा ईमेल दुसऱ्याच्या हाती गेला. पासवर्ड होता कुलदेवतेचं नाव, त्यापुढे ॲटची खूण आणि जन्मसाल. पहिलं अक्षर कॅपिटल. सगळे नियम पाळलेले, हिरवी पट्टी 'मजबूत' म्हणत होती. पण आमच्या गोव्यात देवता त्या किती? शांतादुर्गा, मंगेश, म्हाळसा, नागेश, रामनाथ... २५ नावं धरा, १०० जन्मसालं धरा, झाले २,५०० प्रयत्न. संगणकाला हे क्षणाचं काम.

कॅपिटल, आकडा, खूण हवीच, हा सल्ला अमेरिकेच्या एनआयएसटी या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेतून जगभर गेला. ती लिहिणारे बिल बर यांनी पुढे त्याबद्दल उघडपणे खंत व्यक्त केली, आणि २०१७ मध्ये संस्थेने नियम बदलले: लांबीला महत्त्व द्या, खुणांची सक्ती नको, ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका. आपल्याकडची कार्यालयं अजून दर ९० दिवसांनी बदलायला लावतात आणि माणसं शेवटचा १ काढून २ करतात.

माझं म्हणणं असं: शब्द आपण निवडायचेच नाहीत. १,२९६ साध्या शब्दांची ११११ ते ६६६६ अशी, फाशाच्या आकड्यांनी क्रमांकित यादी करायची आणि फासा चार वेळा टाकायचा; पडलेले चार आकडे हाच शब्दाचा क्रमांक. सहाचा चौथा घात म्हणजे बरोबर १,२९६. असे पाच शब्द काढले की शक्यता होतात सुमारे ३,६५६ लाख कोटी. आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये इंग्रजीसाठी हेच केलं, ७,७७६ शब्द आणि दर शब्दाला पाच फासे.

परवा तिन्हीसांजेला आईबरोबर बाल्कांवात बसून लुडोचा फासा टाकला. आलं: चिबूड, समई, होडी, कुळागर, जावई. आई लगेच म्हणाली, "चिबूड चोरला, समई विझवली, होडीत बसला, कुळागरात लपला, तो जावई!" सकाळी चहा गाळता गाळता तिने पाचही शब्द ओळीने म्हणून दाखवले. (इथे लिहिला म्हणजे तो बाद, तिला नवा काढून दिलाय.)

म्हापशेकर
फोंडेकरबाब, मला हे पटत नाही. माझी चाळीसेक खाती आहेत. वीजबिल, बँक, पोरांची शाळा, दुकानाचा जीएसटी. चाळीस जावई कोण लक्षात ठेवणार? पासवर्ड मॅनेजर घ्या, तो प्रत्येक खात्याला वेगळा वीस अक्षरी पासवर्ड देतो आणि स्वतःच कुलपात जपून ठेवतो.

दुसरं, हे शब्द रोमनमध्ये टाइप करायचे ना? चिबूडमध्ये 'यू' एक की 'ओ' दोन? आणि आपण गोव्यात. शिगमो 'एस-एच'ने लिहायचा की रोमी कोंकणीसारखा 'एक्स'ने? तीनदा चुकलं की बँकेचं खातं अडकतं. गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी माझं अडकलं होतं आणि माटोळीचं सामान घ्यायला बाजारात उभा होतो. ती धांदल मी विसरलेलो नाही.

काणकोणची
तुम्ही दोघेही आमच्यासारख्यांना विसरताय. मी निवृत्त शिक्षिका. पासवर्ड वहीत लिहिते, वही कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली. परदेशात बसलेला चोर माझं कपाट कसं उघडेल? ब्रूस श्नायर यांच्यासारख्या संगणक-सुरक्षेतल्या जाणत्या माणसाने २००५ सालीच सांगितलंय: कागदावर लिहा आणि पैशांच्या पाकिटासारखा जपा.

आणि लक्षात राहायचंच असेल तर आपली ओवी आहे की! आजी जात्यावर म्हणायची त्या ओळीची पहिली अक्षरं घ्यायची. फाशाने आलेल्या शब्दांत माया कुठली?

फोंडेकर
बाय, वहीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, मी आधीच म्हणायला हवं होतं. ओवीबद्दल मात्र नाही. माया असते म्हणूनच माणूस तीच ओळ उचलतो, आणि तीच आणखी हजार जण उचलतात. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले, त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला होता १२३४५६. प्रेमाचे शब्द आणि माणसांची नावंही होतीच. गोव्यात १९१२१९६१ हा मुक्तिदिन किती जणांचा पासवर्ड असेल, विचार करा. आधी फासा, माया नंतर. आईने जावयाची गोष्ट शब्द पडल्यावर रचली, म्हणून ती तिचीच झाली.

म्हापशेकर, मॅनेजर घ्याच. पण त्याच्या दाराला किल्ली कुठली? तो एक पासवर्ड तरी डोक्यातच ठेवावा लागतो. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमधून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. तिजोरीच चोराच्या घरी गेल्यावर तो हवे तितके प्रयत्न करतो, तीनदा चुकल्यावर अडवणारं कोणी नसतं. तेव्हा मुख्य पासवर्ड किती भक्कम, एवढंच उरतं.

म्हापशेकर
मग मुख्य पासवर्डला पाच शब्द कमी पडतात, सहा घ्या. दर शब्दागणिक चोराचं काम १,२९६ पट वाढतं. तेवढ्यापुरता तुमचा फासा मान्य. बाकी चाळीसेक मॅनेजरकडेच. आणि स्पेलिंगचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

फोंडेकर
खरंय. रात्री यादी काढून बसलो. ऱ्हस्व असो की दीर्घ, स्वराला अक्षर एकच. मग पाट आणि पट सारखेच होतात, म्हणून पट काढला. शिगमो तर काढलाच. १,२९६ पैकी ४१० झालेत. शेतीचे शब्द कमी पडताहेत.

काणकोणची
यादी अशी उघड केली तर चोरालाही मिळेल ना?

फोंडेकर
मिळू दे. मघाचा हिशोब चोराकडे यादी आहे असं धरूनच केलाय. फासा काय पडला ते त्याला कळत नाही.

काणकोणची
मग घ्या: नांगर, कुदळ, कोयता, कणगी, सूप, मुसळ, दावण, पेंढा. कुंपणापलीकडच्या शेजारणीला विचारून उद्या आणखी देते.