मदत हवी आहे: आईची घाईची लघवी, गोळी बदलूनही फरक नाही

ऐरोली_सेक्टर८: आईला लघवीची घाई होते, बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत धीर निघत नाही. रात्री चारदा उठते. त्यावरच्या सोलिफेनासिन गोळीने तोंड कोरडं पडलं, पोट साफ होईना, म्हणून डॉक्टरांनी मिराबेग्रॉन ही दुसरी गोळी दिलीय. तीन आठवडे झाले, फरक शून्य. गोळी पुन्हा बदलून घ्यावी का? लवकर सांगा.

खारघर_फार्मसिस्ट: वय? बीपी, शुगर? किती मिलिग्रॅम? बाकी गोळ्या कोणत्या? तीन आठवड्यांत निकाल लावू नका, 25 मिलिग्रॅमच्या डोसला पूर्ण गुण यायला आठ आठवडेही लागतात.

घोडबंदरकर: गोळ्यांच्या मागे लागूच नका. ओटीपोटाखालचे स्नायू 5 सेकंद आवळा, 5 सेकंद सोडा, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. घाई आली की पळायचं नाही, जागीच थांबून पटापट आवळायचं.

खारघर_फार्मसिस्ट: व्यायाम हवाच, पण गोळीच्या जोडीला. विचारलंय गोळीबद्दल.

कोपरी_५५: पुरुषांना प्रोस्टेट असेल तर आधी टॅम्सुलोसिन देतात.

घोडबंदरकर: अहो, आईबद्दल चाललंय!

ऐरोली_सेक्टर८: वय 72. बीपीला मेटोप्रोलॉल, शुगरला डापाग्लिफ्लोझिन. मिराबेग्रॉन 50 ची आणते, अर्धी करून देते. अख्खी गिळवत नाही तिला.

खारघर_फार्मसिस्ट: ताई, तिथेच घोळ आहे. ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळायला बनवलेली असते. तोडली की औषध एकदम सुटतं, मग दिवसभर पुरत नाही. 25 ची वेगळी मिळते, ती अख्खीच द्यायची. पाणी पुरेसं द्या, तरी गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. शिवाय मिराबेग्रॉनने बीपी वाढू शकतं आणि मेटोप्रोलॉलचं रक्तातलं प्रमाणही वाढतं. बीपी आणि नाडी दोन्ही रोज लिहून ठेवा. डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे काढतं, त्यानेही लघवी वाढते. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

वाशी_मावशी: याच त्रासावरचं ऑक्सिब्युटिनिन स्वस्त पडतं की.

खारघर_फार्मसिस्ट: मावशी, या वयात नको. ते मेंदूपर्यंत पोचतं, विसराळूपणा आणि गोंधळ वाढतो.

वाशी_मावशी: बरं. आणि आईंना डॉक्टरांकडे लोकलने नेणार असाल तर गाडीत टॉयलेट नसतं हो, स्टेशनवरच उरकून घ्या.

घोडबंदरकर: लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते बघायची तपासणी) केलंय का? इन्फेक्शन असलं तरी हीच घाई होते.

ऐरोली_सेक्टर८: नाही, कोणी सांगितलंच नाही. उद्या सकाळी नमुना देते.

खारघर_फार्मसिस्ट: सोनोग्राफीही करा, लघवी झाल्यावर आत किती उरते ते बघायला. बरीच उरत असेल तर या गोळ्यांनी लघवी अडकू शकते. तीन दिवस किती वाजता गेल्या, किती झाली, किती प्यायल्या तेही लिहा. तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.

ऐरोली_सेक्टर८: 25 ची गोळी ऐरोलीत मिळेल का?